आठवड्याची मजुरी, वर्षाची ज्वारी

घरखर्चात बचत कुठे होते, हे बहुतेक घरांना ठाऊक असते. ज्वारी फाल्गुन-चैत्रात भरावी, मिरची उन्हे तापायच्या आत घ्यावी, तूरडाळ नवी तूर बाजारात उतरली की बघावी, कपडा हंगाम उलटल्यावर. अडचण माहितीची नसते, पैसा हातात येण्याच्या वेळेची असते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत ही अडचण फार स्पष्ट दिसते. जुन्या शहरातल्या या पेठेपासून मधला मारुती, मंगळवार पेठ आणि चाटी गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. किराणा, भांडी, कापड, लग्नाचा बस्ता, सगळे हाकेवर. घाऊक दुकाने इतकी जवळ असूनही पेठेतली कितीतरी घरे कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो, अर्धा किलो असा माल नेतात आणि वर्षाअखेर तोच माल त्यांना महाग पडतो. याला आळस किंवा अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्रमाग, विडी, शिलाई, हमाली या कामांचे पैसे बहुधा आठवड्याने मिळतात. ज्वारी मात्र वर्षातून एकदाच स्वस्त होते.

पूर्वी ही घडी निराळी होती. १८७७ साली शहरातली पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोक तिला अजून 'जुनी मिल' म्हणतात. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि महिन्याचा पगार, महिन्याचा किराणा, वाण्याची वही असे चक्र बसले. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्य भडकले तेव्हा गिरण्यांनी कामगारांना सवलतीच्या दराने धान्य देण्याची रीत पाडली. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२० च्या दशकात सोलापूरच्या गिरणी कामगारांचे घरगुती जमाखर्च तपासले, आणि फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा काळ १०० धरून शहराचा राहणीखर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात झाली. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी आजही सोलापुरातून भाव गोळा केले जातात. म्हणजे देशभरच्या नोकरदारांचा महागाई भत्ता ठरवताना सोलापूरच्या बाजारातल्या ज्वारी-डाळीचाही थोडा हातभार लागतो. आणि त्याच बाजारातून पिशवी भरणाऱ्या पुष्कळ मजुरांना महागाई भत्ता म्हणजे काय हे कधी अनुभवाला येत नाही.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तशी महिन्याची घडीही मोडली. आठवड्याच्या पैशावर घर चालवणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि पेठेत ते मुख्यतः बायकांनी कमावलेले आहे. मिळकत जेवढी कमी तेवढा तिचा मोठा वाटा खाण्यावर जातो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवले. त्यामुळे इथली बचत धान्याच्या कोठीपासून सुरू होते.

सोलापुरी घराचे मुख्य धान्य रब्बीची ज्वारी, शाळू. मालदांडी वाणाला सगळ्यात मान, आणि त्यातही मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीला, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाद्रपद-आश्विनात पेरलेली ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला येते, खळी झाली की बाजारात उतरते, आणि पुढचे दोन-अडीच महिने वर्षाची भरणी करायचे असतात. पाऊस सुरू झाला की भाव चढू लागतो. हिशोब सोपा आहे. एक किलो पिठात दहा-बारा भाकऱ्या होतात. पाच माणसांच्या घरात रोज एक किलो पीठ लागते असे धरले, तर वर्षाला ३६५ किलो ज्वारी लागते. हंगामातला भाव आणि श्रावणातला भाव यांत किलोमागे १० रुपयांचा फरक पडला, तर त्या घराचे ३,६५० रुपये एकट्या ज्वारीत जातात किंवा वाचतात. घरातली दुसरी कोणतीही एक वस्तू एका सौद्यात इतके वाचवून देत नाही.

ज्वारी घेताना बघण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. दाणा टपोरा, मोत्यासारखा, पांढऱ्यावर किंचित पिवळसर झाक असलेला असावा. पावसात सापडलेल्या ज्वारीचा दाणा काळवंडतो. ती स्वस्त मिळते, पण भाकरी काळी होते आणि तिला कुबट वास येतो. दाणा दाताखाली धरला की कट्‌कन फुटला पाहिजे. दबला, चिकटला तर ओल आहे असे समजावे, आणि ओली ज्वारी कितीही स्वस्त असो, कोठीत भरू नये. ती स्वतः जाते आणि शेजारची चांगलीही नेते. अनुभवी बाई पोत्याच्या तोंडाशी नमुना बघत नाही. ती हात कोपरापर्यंत आत घालते, तळाचा माल मुठीत वर काढते आणि फुंकर मारते. उडालेल्या कोंड्यावरून आणि तळहातावर उरलेल्या खड्यांवरून किलोमागे किती सोडून द्यावे लागेल हे तिला कळते, आणि घासाघीस त्या आकड्यावर चालते. पेठेतल्या ज्या घरांचे अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडे नाते आहे, ती घरे ज्वारी गावाकडूनच आणतात. तिथे भाव थोडा उतरतो, पण खरा फायदा माल ओळखीचा असण्याचा.

घरी आणलेली ज्वारी दोन-तीन कडक उन्हे खाऊन, चाळून, थंड झाल्यावरच पत्र्याच्या कोठीत जाते. गरम धान्य भरले तर आत घाम धरतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तो सावलीत वाळवलेला; ओला पाला घालून धान्य बुरसटवणारी घरे दरवर्षी निघतात. कोठी जमिनीला टेकवायची नाही, विटांवर किंवा लाकडी पाटावर ठेवायची. श्रावणात एकदा उघडून बघायची. सोंडे दिसले तर पुन्हा ऊन दाखवायचे आणि चाळायचे. वाळवण्या-चाळण्याची आणि भरणीची ही कामे मे महिन्यात सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात होतात. ऊन फुकट असते, श्रम मात्र फुकट नसतात. त्यांचा विचार पुढे येईल.

दळण मात्र साठवायचे नाही. ज्वारीचे पीठ आठ-दहा दिवसांत शिळे होते, त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. विरी गेलेले पीठ फेकून द्यायची गरज नाही. उकळत्या पाण्यात उकड काढून मळले तर भाकरी जमते. तरीही आठवड्याचे दळण आठवड्याला हेच बरे. गिरणीत आपली ज्वारी कुणाच्या गव्हावर दळली जाऊ नये, ज्वारीवरच दळली जावी, एवढे बघावे. आधीच्या दळणाचे मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात येतेच. उरलेल्या भाकरीचेही सोलापुरात वाया जाणे कमी. ती कुस्करून फोडणीला टाकतात. पातळ थापून कडक वाळवलेली भाकरी हा तर वेगळाच पदार्थ. एकदा तवा तापला की मोठा घाणा काढायचा, तो पुढे कित्येक दिवस टिकतो आणि शेंगांच्या चटणीशी जेवण होते. प्रवासात हॉटेलचा खर्च वाचवणारे याहून भरवशाचे अन्न या भागात नाही.

रेशनचा हिशोब ज्वारीशी जोडून करावा लागतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मिळतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. भाकरी खाणाऱ्या घराने त्या तांदळाला कमी लेखू नये. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे भिंतीला भिंत लावून राहतात, आणि रेशनच्या तांदळाची इडली, दोसा, गुंतपोंगनालू करण्याची हातोटी तेलुगू शेजारणींकडून पेठेतल्या पुष्कळ मराठी घरांत आली आहे. सकाळच्या न्याहारीला विकतचे पाव-बिस्किट बंद झाले, की महिन्याच्या शेवटी फरक जाणवतो.

मिरची, हळद, धणे यांचा मोसमही उन्हाळ्याच्या तोंडाशी. ब्याडगी रंगाला, गुंटूर तिखटाला, असे मिसळून घेतात आणि कांडपाला उभे राहून मसाला कुटून आणतात. पुडीचा मसाला याच्यापुढे चवीतही कमी आणि वजनाच्या हिशोबात महागही पडतो. शेंगांच्या चटणीचे तेच. शेंगदाणे घरी भाजून खलबत्त्यात कुटले, की तेल सुटून चटणी एकजीव होते. फक्त कुटायला वेळ आणि मनगट हवे. मिक्सरमध्ये ती भुकटी होते. तेल सुटे घेऊ नये, पाकीटबंद घ्यावे. सुट्या तेलात वाचलेले चार रुपये भेसळीच्या धोक्यापुढे काहीच नाहीत.

लहान पुडी नेहमी महाग आणि मोठे पाकीट नेहमी स्वस्त, ही समजूत तपासून घ्यावी. चहा, मसाले, बिस्किटे यांत ती बहुधा खरी ठरते. शाम्पूत मात्र पुष्कळदा उलट आढळते, एक-दोन रुपयांची पुडी मिलिलीटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते. कंपन्यांना गरीब गिऱ्हाईक पुडीवरच मिळते, म्हणून तिथली स्पर्धा तीव्र. दुसरी युक्ती पाकिटाची. किंमत तीच ठेवायची आणि आतले वजन कमी करायचे. दहा रुपयांचे पाकीट दहाचेच राहते, ग्रॅम मात्र घटतात. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि आता एककाची किंमतही छापलेली असते. वाचायला दोन सेकंद लागतात. छापील किंमत ही कमाल आहे, ठरलेली नाही, हेही दुकानदाराला आठवण करून द्यायला हरकत नाही. सुट्या मालाला काटा बघावा, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का ते बघावे, आणि काटा शून्यावर असताना आपली पिशवी त्यावर ठेवावी. गॅसचा सिलिंडर दारात आला की वजन करून मागावे. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. वजन करून मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, त्यात संकोच कसला.

भाजीची गोष्ट वेगळी. ती साठत नाही, म्हणून तिथे एकरकमी पैशाचा प्रश्न येत नाही, वेळेचा येतो. लक्ष्मी मंडईत सकाळी माल ताजा आणि भाव ताठ. संध्याकाळी दिवे लागल्यावर पालेभाजीच्या जुड्या दोनाच्या भावात तीन होतात, कारण विकणारीला ती परत न्यायची नसते. कांदा याला अपवाद. सोलापूरची श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती ही कांद्याची राज्यातली मोठी बाजारपेठ, त्यामुळे आवक वाढली की शहरात कांदा कोसळतो. पण त्या वेळी येणारा पावसाळी लाल कांदा टिकत नाही. साठवणीला उन्हाळी कांदा घ्यायचा, पात पूर्ण वाळलेला, मानेत बारीक, आणि तो पोत्यात न ठेवता वारा लागेल असा पसरून ठेवायचा. स्वस्त म्हणून लाल कांद्याचे पोते घेणाऱ्याचे निम्मे पोते उकिरड्यावर जाते.

आता मूळ अडचणीकडे. आठवड्याच्या मजुरीतून मार्चमध्ये क्विंटलांनी ज्वारी घ्यायला पैसे कुठून आणायचे? पेठेने शोधलेले उत्तर म्हणजे भिशी. बारा जणी एकत्र येतात, दर आठवड्याला प्रत्येकी ३०० रुपये टाकतात, जमलेले ३,६०० रुपये एकीला मिळतात, आणि बारा आठवड्यांत फेरी पुरी होते. पहिला नंबर बहुधा भिशी चालवणारीचा, बाकीचे चिठ्ठीने किंवा समजुतीने. कुणाला ज्वारी भरायची, कुणाला जूनमध्ये शाळेची फी, कुणाला लेकीच्या बाळंतपणाला, हे सगळ्यांना माहीत असते आणि नंबर तसे अदलाबदल होतात. आधी उचलणारीला बिनव्याजी कर्ज मिळते, शेवटी उचलणारीला नुसती सक्तीची बचत. दोघींचाही फायदा एकच, सुट्या नोटांची एक रक्कम होते. लिलावाची भिशी निराळी; तिथे गरजवंत रक्कम कमी घ्यायला तयार होतो आणि उरलेले बाकीच्यांत वाटले जाते. ती सावकारीच्या जवळ जाते आणि ज्वारीसाठी तिच्यात उतरणे तोट्याचे आहे. अशा घरगुती भिशीमागे कोणताही नोंदणीचा कागद नसतो, नाव आणि शब्द एवढेच तारण. म्हणून गल्लीतली, रोज तोंड दिसणारी, छोट्या रकमेची भिशी तेवढी चालवावी. माणसे वाढली, रक्कम फुगली, लांबच्या ओळखी आल्या, की बाहेर पडावे. पैसे बुडालेल्या भिश्या बहुतेक अशाच फुगलेल्या असतात. ज्यांना आणखी भरवसा हवा त्यांना बचत गट किंवा टपालाचे आवर्ती खाते आहे. तिथे उचल करायला वेळ लागतो, पण पैसा सुरक्षित राहतो.

वाण्याच्या वहीचा हिशोबही उघड्या डोळ्यांनी करावा. उधारीवर व्याज लिहिलेले नसते, ते भावात असते. उधारीच्या दुकानात घासाघीस करता येत नाही, माल परत देता येत नाही, आणि दुसऱ्या दुकानात रोखीने घेताना त्या वाण्याच्या दारावरून पिशवी लपवून न्यावी लागते. असे असूनही वही वाईट म्हणता येणार नाही. माग बंद पडला, आजारपण आले, तेव्हा कोणताही मॉल दोन महिने थांबत नाही, वाणी थांबतो. शहाणी घरे वही चालू ठेवतात, पण तिच्यावर फक्त चहा-साखर-साबण लिहितात, आणि धान्य, डाळ, तेल रोखीने दुसरीकडून आणतात.

कापडाच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान. चादर आणि टॉवेल इथेच विणले जातात, आणि विणीत बारीक चूक राहिलेला, कडेचा धागा सुटलेला माल दुय्यम म्हणून कमी दरात मिळतो. टॉवेलला कडेची चूक काही करत नाही. चादर घेताना मात्र सोलापुरी नावाखाली बाहेरून येणारा माल ओळखता आला पाहिजे. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तरी नक्कल थांबलेली नाही. नक्षी दोन्ही बाजूंना उठलेली हवी, हाताला वजन लागले पाहिजे. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवावा: सुताचा धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटांत विरते, कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक गोळी धरतो. गणवेश शिवणारे कारखाने शहरात पुष्कळ आहेत, म्हणून शाळेचे कपडे जूनच्या गर्दीआधी, वाढत्या मापाचे आणि आत दोन-तीन बोटे दुमड ठेवून घ्यावेत. दुमड उसवली की एक वर्ष निघते.

जुन्या कपड्याचे आयुष्य इथे लांब असते. चादर विरली की तिची बाळोती किंवा पायपुसणे, टॉवेलची फरशी पुसायची चिंधी, सुती साड्यांची वाकळ. वाकळ शिवून घेण्यापेक्षा बाजारची रजई स्वस्त पडते असे आता दिसते, आणि निव्वळ पैशाच्या हिशोबात ते खरेही आहे; पण जुन्या साड्यांना दुसरा उपयोग नसतो. जरीच्या, रेशमी साड्या मात्र वाकळीत घालू नयेत. त्या बोहारणीला द्याव्यात. तिच्याशी सौदा करण्याची रीत आहे. सगळा ढीग एकदम पुढे टाकायचा नाही. आधी भांडे निवडायचे, ते बोटाने वाजवून जाड पत्र्याचे आहे हे बघायचे, मग एकेक कपडा काढायचा. ती प्रत्येक कपडा उजेडाला धरून नाक मुरडणार, हे धरून चालायचे. जरीची साडी शेवटपर्यंत मागे ठेवायची. बोहारीण उठून टोपली डोक्यावर घेऊ लागली की ती बाहेर काढायची. बहुतेक वेळा टोपली पुन्हा खाली येते.

घरदुरुस्तीत पहिला प्रश्न कोणते काम स्वतः करायचे हा. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांवर अजून कुठे कुठे माळवद आहे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. मृगाच्या आधी माळवदावरचे गवत उपटायचे, भेगा ठोकून बुजवायच्या, पांढऱ्या मातीचा ताजा थर द्यायचा आणि पन्हळी मोकळ्या करायच्या. हे काम चुकले तर तुळई कुजते, आणि तुळई बदलण्याचा खर्च दहा वर्षांच्या मातीपेक्षा जास्त. स्लॅबच्या घरालाही हाच नियम: भेगा मे महिन्यात भराव्यात, गळायला लागल्यावर नाही.

चुन्याची सफेदी हे घरी होण्यासारखे काम. कळीचा चुना आदल्या संध्याकाळी लोखंडी पिंपात विरवतात. आधी पाणी घ्यायचे आणि त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडायच्या, उलटे नाही. चुना खदखदून उकळतो आणि प्लॅस्टिकची बादली त्यात टिकत नाही. सकाळी फडक्यातून गाळायचा, नीळ टाकायची, पकड यावी म्हणून डिंकाचे पाणी घालायचे, भिंत ओली करून पातळ दोन हात द्यायचे. डोळ्यात उडाला तर तत्काळ भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जायचे. हाच चुना गच्चीवर मारला की उन्हाळ्यात खालची खोली जरा सुसह्य होते, आणि पंखा-कूलर कमी चालतो. कूलर सोलापूरच्या कोरड्या हवेला उत्तम मानवतो. तो दीडशे-दोनशे वॅटवर भागवतो, दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो. पंख्याचाही हिशोब करून बघावा. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. नव्या पद्धतीचा ३० वॅटचा पंखा तेवढाच चालून ११ युनिटच्या आत. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे घरात तीन पंखे असतील तर वाचलेले युनिट नेमके वरच्या, महाग टप्प्यातले असतात.

नळाचा वायसर बदलणे, सायफनची साखळी लावणे, दाराची कडी, मिक्सरची वायर, सायकलचे पंक्चर ही कामे घरात एकाला यायलाच हवीत. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी येत आले आहे. अशा शहरात गळका नळ म्हणजे पाणी यायच्या आधी रिकामी टाकी आणि विकतचे पाणी. वायसर काही रुपयांचा, बदलायला पाना आणि मुख्य कॉक बंद करण्याचे भान एवढेच लागते. मीटरपासूनची वायरिंग, गॅसची जोडणी आणि उंचावर शिडी लावून करायचे काम मात्र माहीतगारालाच द्यावे. तिथे मजुरी वाचवणे ही काटकसर नव्हे. मिस्त्री बोलावताना दोन-तीन घरांची किरकोळ कामे एकत्र करून एकाच दिवसाचा रोज ठरवला तर प्रत्येक घराला निम्मा किंवा तिहाई खर्च येतो. वाड्यात राहणारी बिऱ्हाडे हे नेहमी करत, स्वतंत्र खोल्यांत गेल्यावर ती सवय सुटली.

या सगळ्या बचतीची एक बाजू हिशोबाच्या वहीत कधीच येत नाही. ज्वारी वाळवणारी, मसाला कुटायला रांगेत उभी राहणारी, रात्री अकराला पाणी आले म्हणून पिंपे भरणारी आणि पहाटे उठून भाकऱ्या थापणारी बाई बहुधा एकच असते, आणि तीच दिवसा विड्या वळते किंवा शिलाईच्या मशिनवर बसते. तिचे घरचे तास शून्य रुपयांचे धरले तरच प्रत्येक घरगुती वस्तू विकतपेक्षा स्वस्त निघते. वाळवणाचे उदाहरण घ्यावे. पापड, कुरड्या, शेवया घरी करताना साहित्याचा खर्च विकतच्या मालापेक्षा स्पष्ट कमी येतो. पण दोन जणींचे चार दिवस त्यात गेले आणि त्या चार दिवसांत विडीची किंवा शिलाईची मजुरी बुडाली, तर बचत उरतेच असे नाही. जिथे शेजारणी एकमेकींच्या घरी जाऊन लाटतात आणि बोलत बोलत काम उरकते, तिथे हिशोब जमतो. एकटीने करायचे असेल तर पापड विकत आणावेत. ज्वारीच्या भरणीला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही, कारण तिथे श्रम थोडे आणि फरक मोठा आहे. भाकरीचे कामही एकट्या बाईवर टाकण्याचे कारण नाही. शहरात भाकऱ्या थापून विकणाऱ्या बायका आहेत, आणि कामावरून उशिरा येणाऱ्या घराने आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याकडून भाकरी घेतली तर तो खर्च उधळपट्टीत मोडत नाही.

जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या घरांनी तीत आणखी एक रकाना आखावा: कोणत्या कामाला किती तास गेले आणि ते कुणाचे. महिनाभर तो प्रामाणिकपणे भरून बघावा, आणि कोणती काटकसर चालू ठेवायची हे त्यानंतर, घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे.